डायलिसिसवरील विनोदी एकपात्री प्रयोग : पडद्यामागे कोण कोण असावे?

प्रश्न
सातपुडा-पायथा, चोपडा

सर्वांना नमस्कार.

आमच्या हौशी नाट्यमंडळात एक शिक्षक आहेत. मंडळात सगळे त्यांना ‘सर’ म्हणतात, म्हणून येथेही तसेच म्हणतो. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी ते डायलिसिससाठी जळगावला जातात. यंत्राला जोडलेले असताना मोकळ्या हाताने काढलेल्या टिपणांतून त्यांनी सुमारे सत्तर मिनिटांची एकपात्री संहिता लिहिली आहे. संहिता विनोदी आहे, कारण सर मुळातच तसे बोलतात आणि आजारपणाने त्यांची बोलण्याची रीत बदललेली नाही.

संहितेचा कणा पाणी हा आहे. दिवसभरात चहा, वरण, ताक धरून जेमतेम लिटरभर द्रव पोटात जाऊ द्यायचा, आणि राहायचे अशा मुलखात की जेथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि उंबरठा ओलांडणाऱ्याच्या हाती आधी तांब्या दिला जातो. दुसरे सूत्र केळीचे आहे. केळीत पोटॅशियम भरपूर असते आणि निकामी मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, त्यामुळे सरांना केळे वर्ज्य आहे. एका माजी विद्यार्थ्याचे वडील सरांच्या भेटीला येताना स्वतःच्या बागेतली केळीची फणी घेऊन येतात, ती समोर ठेवतात आणि ‘हे औषधापेक्षा भारी’ असे सांगून, सर एक केळे खाईपर्यंत उठायचे नाही अशा निर्धाराने बसून राहतात. हा प्रवेश आम्ही वाचनात ऐकला तेव्हा हसता हसता सर्वांच्या डोळ्यांतून पाणी आले.

माझा प्रश्न असा आहे. सर म्हणतात, ‘लिहिले मी, भोगले मी, बोलणारही मीच, मग दिग्दर्शक कशाला?’ मंडळातील काहींना ते पटते. मला मात्र वाटते की एकपात्री प्रयोगालाही पुरता संच लागतो, आणि विषय आजाराचा असेल तर तो अधिकच लागतो. या संचात कोण असावे, कोणाला कोणता अधिकार असावा, आणि स्वतः रुग्ण असलेल्या कलावंताकडून तालमी व प्रयोग करून घेताना कोणती काळजी घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहावे ही विनंती.

उत्तर १
रंगवाटा, धुळे

आपली शंका रास्त आहे. सरांचे म्हणणेही निराधार नाही, कारण आपल्याकडील एकपात्रीची मोठी परंपरा लेखक आणि नट एकच असण्याची आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ स्वतः लिहिले आणि त्यातील बावन्न व्यक्तिरेखा स्वतःच उभ्या केल्या. पुलंनी 1961 पासून ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर नेली. मात्र पुलंच्या प्रयोगांमागची व्यवस्था आणि शिस्त सुनीताबाईंच्या हाती होती, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. नाव एकाचे दिसत असले तरी प्रयोग दोघांचा होता.

आजाराच्या बाबतीत एक वेगळीच अडचण उभी राहते. स्वतःच्या दुखण्यावर लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण तो त्याने अंगावर काढलेला असतो, आणि समोरच्यांना तो प्रसंग लांबलेला आहे असे सांगण्याचा संकोच वाटतो, कारण बोलणारा आजारी असतो. तालमीत बसलेले सगळे जण सहानुभूतीने हसतात. तिकीट काढून आलेला प्रेक्षक तसा हसत नाही, आणि हे नटाला पहिल्या प्रयोगात कळणे फार महागात पडते. म्हणून सरांशी ज्याचे नाते आदराचे असले तरी ज्याला ‘सर, हे पान काढू या’ असे म्हणता येईल, असा दिग्दर्शक आपल्याला हवा. तो शक्यतो त्यांचा विद्यार्थी नसावा, कारण त्याच्या तोंडून हे वाक्य निघणार नाही.

संहितेवरचा अंतिम शब्द सरांचा असू द्यावा, प्रयोगावरचा अंतिम शब्द दिग्दर्शकाचा असावा, आणि हे तालमी सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर ठरवावे. मधल्या काळात ठरवायला गेलात तर ते कोणाच्या तरी मनाला लागते.

विनोदाविषयी माझा आग्रह असा की, प्रत्येक हशापाशी थांबून, हा हशा नेमका कोणाला उद्देशून येतो आहे, असे विचारणारा माणूस संचात असलाच पाहिजे. केळीच्या फणीचा प्रवेश उत्तम आहे, कारण तेथे हशा त्या शेतकऱ्याच्या अडाणीपणाला नाही. त्याच्याजवळ देण्यासारखी जी सर्वांत चांगली वस्तू आहे तीच नेमकी सरांना घातक आहे, यातून तो हशा येतो. तोच प्रवेश करताना सरांनी त्या माणसाची अहिराणी जरा जास्त फुगवली, तर हशा दुप्पट येईल आणि प्रवेश संपेल. आपल्याच भागात आपल्या बोलीला हसवण्याच्या कामाला लावणारी नाटके आपण पुष्कळ पाहिली आहेत. त्या शेतकऱ्याचे ‘तुले काय व्हयनं?’ हे जितक्या साधेपणाने, खरोखरच्या काळजीने येईल तितके ते परिणाम करील. हे नटाला आतून दिसत नाही. समोर बसलेल्या माणसालाच दिसते.

आणखी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील स्पाल्डिंग ग्रे हे टेबलामागे बसून, समोर वही, ध्वनिक्षेपक आणि पाण्याचा पेला एवढ्याच सामग्रीवर आत्मकथनपर एकपात्री प्रयोग करीत. स्वतःच्या डोळ्याच्या विकारावरही त्यांनी असा विनोदी प्रयोग केला, आणि त्याचे दिग्दर्शन त्यांनी स्वतः केले नव्हते, रने शाफ्रान्स्की यांनी केले होते. आपल्या नेपथ्यकाराने या पेल्याचा अवश्य विचार करावा. सरांच्या नाटकात भरलेला पेला पहिल्यापासून समोर असेल आणि सत्तर मिनिटे त्याला कोणी तोंड लावणार नसेल, तर दुसऱ्या कोणत्याही नेपथ्याची फारशी गरज उरणार नाही. मात्र सर त्याच्याकडे किती वेळा पाहतात हे मोजून ठरवावे लागेल. चौथ्यांदा पाहिल्यावर युक्ती उघडी पडते.

उत्तर २
तिसरी पाळी, भुसावळ

मी डायलिसिस तंत्रज्ञ आहे. नाटकातले मला फारसे कळत नाही, परंतु आपल्या संचात आमच्या व्यवसायातील एक माणूस केवळ उद्घाटनाच्या पाहुण्यासारखा नव्हे, तर संहितेच्या पहिल्या वाचनापासून असावा, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याचे पहिले कारण असे की नाटकातील चुकीचा सल्ला हशासकट प्रेक्षकाच्या घरी जातो. एक उदाहरण देतो. पुष्कळ नातेवाईक रुग्णासाठी बाजारातून ‘कमी सोडियमचे’ मीठ मोठ्या प्रेमाने आणतात. अशा मिठात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते आणि डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाची लय त्याने बिघडू शकते. केळे टाळणारा माणूस या मिठाने फसतो. सरांच्या संहितेत अळणी जेवणावर विनोद असणारच. त्यात या मिठाचा उल्लेख उपाय म्हणून चुकूनही येऊ देऊ नका. उलट, केळीची फणी आणणाऱ्या शेतकऱ्यानंतर अशा मिठाची पुडी आणणारा सुशिक्षित पाहुणा दाखवला, तर हसता हसता लोकांना एक उपयोगी गोष्ट कळेल.

दुसरे कारण म्हणजे आमच्या कक्षात विनोदाला पुरेल असा खरा ऐवज आहे आणि तो बाहेरच्याला ठाऊक नसतो. वजनकाट्याचेच घ्या. रुग्ण आला की पहिल्यांदा काट्यावर उभा राहतो. मागच्या वेळेपासून जे वजन वाढले ते प्रामुख्याने पाण्याचे असते. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. ‘मी काही प्यायलोच नाही’ असे शपथेवर सांगणारा माणूस चपला काढतो, खिशातला मोबाईल काढतो, किल्ल्या काढतो, मग चष्माही काढून बायकोच्या हातात देतो आणि पुन्हा काट्यावर चढतो. आकडा हलत नाही. त्यानंतर तो आमच्याकडे असा पाहतो की जणू काटा आमच्या घरचा आहे. यात कोणाची टवाळी नाही, कारण सगळेच असे करतात आणि सगळ्यांना ते माहीत असते. मात्र त्या आकड्यामागे काय असते हेही नाटकात यावे. डायलिसिसच्या चार तासांत यंत्राला अंगातले फार पाणी खेचावे लागले तर रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात, माणूस विव्हळतो. हसलेल्या प्रेक्षकाला पुढच्याच मिनिटाला हे कळले, तर त्याला तो काटा निराळा दिसू लागेल.

आता सरांच्या प्रकृतीविषयी. डायलिसिस झालेल्या दिवशी रुग्ण गळून गेलेला असतो, त्या दिवशी तालीमसुद्धा ठेवू नये. त्यांचे दिवस सोमवार, बुधवार, शुक्रवार असतील तर प्रयोगासाठी शनिवारची संध्याकाळ सर्वांत बरी. सोयीचा म्हणून रविवार निवडाल, पण शुक्रवार ते सोमवार हे आठवड्यातील सर्वांत लांब अंतर असते, रविवारी संध्याकाळपर्यंत अंगात पाणी साठू लागते आणि धापही लागू शकते. सत्तर मिनिटे एकट्याने बोलणाऱ्याला ते परवडणार नाही. प्रयोगाचा काळ शक्यतो कार्तिक ते माघ ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद नाट्यगृहात घसा कोरडा पडल्यावर पाणी पिता येत नाही, ही गोष्ट संहितेत विनोदाची असली तरी विंगेत ती विनोदाची राहत नाही. बर्फाचा लहान खडा किंवा नुसती चूळ, याची सोय त्यांच्या डॉक्टरांना विचारून करावी, आणि प्रयोगाला त्यांची संमती आहे ना, हेही आधी पाहावे.

ज्या हातात फिस्टुला असेल, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडलेली असेल, त्या हाताला घड्याळ, घट्ट बाही, खांद्यावरची झोळी, जड वस्तू यांपैकी काहीही चालत नाही. वेशभूषाकार आणि हालचाली बसवणारा दिग्दर्शक या दोघांनीही हे लिहूनच ठेवावे. त्या हातावर पडणे, टेबलावर जोराने आपटणे, अशी कोणतीही हालचाल नको.

उत्तर ३
निळा स्पॉट, जळगाव

प्रकाश आणि ध्वनी या दोनच गोष्टींविषयी लिहितो.

जुने हॅलोजनचे दिवे वापरू नका, त्यांची धग नटापर्यंत पोहोचते. एलईडी दिवे मागवा. सरांच्या प्रकृतीला ते मानवतील, आणि आवाजामुळे पंखे बंद ठेवावे लागले तरी निभावेल.

यंत्राचा इशारा देणारा भोंगा ध्वनिमुद्रित करून मोठ्याने वाजवण्याचा मोह होईल. तो टाळावा. प्रेक्षकांत डायलिसिसचे रुग्ण असतीलच आणि त्या आवाजाने त्यांच्या छातीत धस्स होईल. त्याऐवजी वरील तंत्रज्ञ महोदयांना एक विचारतो : फिस्टुलावर स्टेथोस्कोप ठेवला असता रक्त वाहण्याचा जो सूं-सूं असा लयीतला आवाज येतो, तो सरांच्याच हाताचा मुद्रित करता येईल काय? काळोखात प्रथम तोच ऐकू यावा आणि तो कशाचा आहे हे अर्ध्या तासाने कळावे, अशी माझी कल्पना आहे. पार्श्वसंगीताला वेगळा माणूस नेमण्याची गरज मला वाटत नाही.

उत्तर ४
आखाजीचा झोका, अमळनेर

माझे यजमान काही वर्षे डायलिसिसवर होते. आज ते हयात नाहीत. हा विषय रंगमंचावर यावा, आणि तो हसत यावा, असे मला मनापासून वाटते, कारण आमच्या घरात त्या काळात जेवढे हसणे झाले तेवढे एरवी क्वचितच झाले असेल.

वरील सर्व उत्तरे वाचून एक गोष्ट मला खटकली. लेखक, दिग्दर्शक, तंत्रज्ञ, प्रकाशयोजनाकार असा सगळा संच आपण मांडलात, परंतु सरांच्या पत्नीचे नाव कोणीही घेतले नाही. वाढलेल्या वजनाच्या वेळी चष्मा ज्यांच्या हातात देतात, त्या वहिनी येथे फक्त चष्मा धरण्यापुरत्या आल्या आहेत. भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी ओतून द्यायचे, मग बेचव झालेली भाजी माणसाच्या घशाखाली उतरेल अशी करायची, हे काम रोज कोणी तरी करत असते. पोटॅशियम कमी करण्याची ही रीत मला परिचारिकेने एकदाच सांगितली होती. पुढचे सगळे माझे मला शोधावे लागले. फोडणीत मीठ नाही, टोमॅटो नाही, मग लसूण, जिरे आणि लिंबाचे काही थेंब यांवर भागवायचे, आणि त्याच चुलीवर घरातल्या मुलांसाठी शेवभाजी करायची. तिचा वास पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून मी मधले दार लावून घेत असे. यजमान तिकडून म्हणत, ‘दार लावू नकोस, वासात पोटॅशियम नसते.’

विनोदी एकपात्रीत रुग्णाची बायको ही पाण्याचा तांब्या लपवणारी, टोकणारी, काटा वाचणारी अशी पहारेकरीण होऊन बसते, कारण ती तशी रंगवणे सोपे असते आणि प्रेक्षकांतील पुरुष लगेच हसतात. म्हणून माझी विनंती आहे की सरांच्या पत्नीला संहितेचे वाचन एकटीने, सर समोर नसताना, करू द्यावे, आणि त्यांच्या प्रसंगांत त्यांना जे खोटे वाटेल ते काढून टाकण्याचा त्यांना अधिकार असावा. रंगवाटा यांनी संहितेवरचा अंतिम शब्द सरांना दिला आहे. त्या एका बाबतीत मी सहमत नाही. तो आजार दोघांच्या घरात आहे.

सातपुडा-पायथा (प्रश्नकर्ता)

सर्वांचा अत्यंत आभारी आहे. ताई, आपले उत्तर मी काल वहिनींना वाचून दाखवले. त्यांनी संहिता मागून घेतली आहे.

एक शंका अजून उरते आणि तीच मला सर्वांत अवघड वाटते. संहितेत शेजारच्या खाटेवरचे एक आबा आहेत. ते गाण्यांच्या ओळी मुद्दाम चुकीच्या म्हणतात आणि सर त्या दुरुस्त करतात, असा त्यांचा खेळ चाललेला असतो. एका सोमवारी सर कक्षात जातात तेव्हा त्या खाटेवर दुसराच माणूस झोपलेला असतो. हे खरे घडलेले आहे. सरांनी हा भाग दोन वाक्यांत लिहिला आहे आणि लगेच पुढच्या विनोदाकडे वळले आहेत. मंडळातील काहींचे म्हणणे आहे की येथे संगीत, मंद प्रकाश, आबांची आठवण असा पूर्ण प्रवेश हवा. सर नको म्हणतात. दिग्दर्शकाने येथे काय करावे?

तिसरी पाळी, भुसावळ

निळा स्पॉट यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : होय, फिस्टुलाचा आवाज मुद्रित करता येतो आणि त्यात सरांना काही त्रास नाही.

आबांविषयी. कक्षात आम्हीही याविषयी फार बोलत नाही. खाट मोकळी झाली की पाळीच्या यादीतील पुढच्या रुग्णाला ती मिळते, आणि तो रुग्ण कित्येक दिवस त्या जागेची वाट पाहत असतो. त्यामुळे त्याच खाटेवर एका घरचे दुःख आणि दुसऱ्या घरचा सुटकेचा निःश्वास असे दोन्ही एकाच सकाळी असते. सरांची दोन वाक्ये मला खरी वाटतात. एक मात्र पाहा : आबांच्या घरच्यांना ओळख पटेल असे गाव, व्यवसाय, आडनाव संहितेत राहू देऊ नका, किंवा त्यांच्याकडे जाऊन त्यांची परवानगी घ्या.

रंगवाटा, धुळे

ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. संहितेवरच्या अंतिम शब्दाविषयी मी जे लिहिले ते अपुरे होते, वहिनींच्या प्रसंगांपुरता अधिकार वहिनींचाच असावा.

आबांचा प्रवेश वाढवू नये. सरांनी तो दोन वाक्यांत लिहिला याचा अर्थ त्यांना तो तेवढाच सोसवतो, आणि प्रत्येक प्रयोगात तो पुन्हा सोसायचा आहे हे मंडळींनी ध्यानात घ्यावे. नट निरोगी असता तर मी वेगळा विचार केला असता. येथे बोलणारा माणूस पुढच्या सोमवारी त्याच कक्षात जाणार आहे. दिग्दर्शकाने एवढेच करावे की त्या दोन वाक्यांनंतरचा विनोद जागेवरून हलवावा. सर लगेच बोलू लागले तर प्रेक्षकाला ऐकलेले नीट कळणारही नाही. त्यांना पाच-सहा सेकंद गप्प उभे राहता आले पाहिजे, आणि त्यानंतर त्यांनी आबांची ती चुकीची ओळ दुरुस्त न करता तशीच म्हणावी. हशा आला तर येऊ द्यावा. कोणी हसले नाही तरी सरांनी बिथरू नये, आणि त्याची तयारी तालमीत मंडळातल्यांपुढे होणार नाही. त्यासाठी अनोळखी अशा पंधरा-वीस माणसांसमोर, चोपड्याबाहेर, एखाद्या शाळेच्या सभागृहात पडदा-दिव्यांशिवाय एक वाचन करा. हसण्याच्या ज्या जागा तेथे मोकळ्या जातील त्या टिपून घ्यायला दिग्दर्शकाने प्रेक्षकांच्या मागे नव्हे, बाजूला बसावे, म्हणजे चेहरे दिसतात.

तिकीट लावून जाहीर प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्याला वेळ लागतो. वहिनींचे वाचन आणि तंत्रज्ञांच्या दुरुस्त्या झाल्यानंतरचीच प्रत पाठवा. जाहिरातीत आणि तिकिटावर सरांच्या नावाखाली या सर्वांची नावे यावीत, आणि वहिनींची संमती असेल तर त्यांचेही नाव संहिता-साहाय्य म्हणून यावे. धुळ्यात प्रयोग लावायचा असेल तर सभागृहाची चौकशी मी करतो, मात्र तारीख शनिवारचीच कळवा.